चावीचं जुनं घड्याळ घेण्याआधी: नव्यानं जमवू लागलेल्यांसाठी

अण्णांचं घड्याळ मी दुरुस्तीला टाकलं तेव्हा घड्याळजींना एकच वाक्य बोलले होते. "काका, अगदी नव्यासारखं करून द्या." त्यांनी तसंच करून दिलं. काच लखलखीत, केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, पॉलिश, तबकडी काळीकुळकुळीत, आकडे पांढरेशुभ्र. घरी आल्यावर मी ते आईच्या हातात ठेवलं. तिनं ते उलटून पाहिलं, चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "हे कुणाचं गं?"

अण्णा वीज मंडळात लाइनमन होते, पाटण तालुक्यात. कोयना खोऱ्यातला पाऊस, दिवसातून चार-पाच वेळा खांबावर चढणं आणि डाव्या मनगटावर एचएमटी पायलट. दोराला घासून घासून त्या घड्याळाचा एक कान, म्हणजे पट्टा अडकतो त्या चार टोकांपैकी एक, एका बाजूनं सपाट झाला होता. चारच्या आकड्याजवळ चहाच्या थेंबाएवढा तपकिरी डाग होता. १९८९च्या पावसाळ्यात आत पाणी शिरलं, त्याचा. पॉलिशमध्ये चारही कान एकसारखे गोल झाले आणि नव्या रंगाखाली डाग गेला. दोष घड्याळजींचा नव्हता. जे सांगितलं ते त्यांनी चोख केलं. काय सांगायचं हे मला कळत नव्हतं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. आता माझ्याकडे चावीची आणि ऑटोमॅटिक मिळून सात घड्याळं आहेत. सगळी कामाची, अंगावर वागवायची, सोन्याचं पाणी दिलेलं एकही नाही. घरातलं जुनं घड्याळ चालू करायचं आहे किंवा पहिलं घड्याळ घ्यायचं आहे, असं म्हणून कुणीही विचारलं की मी हेच सांगत आले आहे. ते इथे एकदाच सगळं लिहिते.

१. बाजारात जाण्याआधी घरातलं कपाट उघडा

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत कुठेतरी एक बंद एचएमटी असतंच. जावयाला दिलेलं कांचन, आजोबांना निवृत्तीला मिळालेलं, पाठीवर नाव आणि तारीख कोरलेलं. पहिलं घड्याळ तिथूनच घ्या. पैसे लागत नाहीत हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं की बाजारातल्या घड्याळाची गोष्ट आपल्याला कुणी सांगत नाही. घरातल्या घड्याळाची सांगणारी माणसं अजून आहेत.

त्यांना आत्ताच विचारा. कुठून घेतलं, कितीला घेतलं, कुठल्या हातात घालायचे, पडलं कधी, दुरुस्त कुणी केलं. फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. मी हे अण्णा असताना केलं नाही. आज मला जे ठाऊक आहे ते आईच्या आठवणीतून आलेलं आहे, आणि खांबावरच्या दिवसांतलं तिला तरी किती दिसलं असणार?

इथला सापळा: घड्याळ सापडलं की आनंदानं पूर्ण चावी देऊन ते दिवसभर चालवू नका. वीस वर्षं पडून राहिलेल्या मशीनमधलं तेल वाळून चिकट झालेलं असतं. त्या अवस्थेत चालवलं की पोलादी टोकं झिजतात. चार-पाच वेढे द्या, टिकटिक ऐकू आली तर समाधान माना आणि थांबा. मागचं झाकण सुरीनं उचकटू नका. माझ्याकडच्या एका घड्याळाच्या पाठीवर असा ओरखडा आहे, आणि तो अर्थातच सुरीचा आहे.

२. दणकट म्हणजे काय, ते समजून घ्या

दणकट घड्याळ म्हणजे जाड आणि वजनदार घड्याळ, असा समज असतो. अण्णांचं पायलट हातात घेतलं तर हलकं वाटतं. खरी ताकद आत असते.

चावीच्या घड्याळाचं हृदय म्हणजे बॅलन्स व्हील, सतत मागेपुढे झोके घेणारं छोटं चाक. त्याच्या दांड्याची दोन्ही टोकं केसाइतकी बारीक असतात. घड्याळ फरशीवर पडलं की पूर्वी हीच टोकं मोडत. यावर उपाय निघाला तो असा: ज्या माणकाच्या खड्यात टोक फिरतं तो खडा घट्ट न बसवता एका नाजूक स्प्रिंगवर बसवायचा. धक्का बसला की खडा किंचित सरकतो, मार दांड्याच्या जाड भागावर जातो आणि लगेच सगळं जागेवर येतं. जपानच्या सिटिझन कंपनीनं १९५६ साली 'पॅराशॉक' नावानं ही सोय आणली आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून हेलिकॉप्टरमधून घड्याळं खाली टाकून दाखवली. १९६१ साली बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला तो याच सिटिझनच्या सहकार्यानं. म्हणून आपल्या घरातल्या जुन्या एचएमटीच्या तबकडीवरही 'पॅराशॉक' हा शब्द सापडतो. तो नुसता शोभेचा नाही.

तबकडीवरच्या '१७ ज्वेल्स'बद्दल एक सांगून टाकते, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. ही माणकं कारखान्यात बनवलेली असतात. त्यांना सोनाराकडे काही किंमत नाही. घर्षण कमी व्हावं म्हणून ती बेअरिंगसारखी वापरलेली असतात. त्यांच्यासाठी घड्याळ मोडायला देऊ नका.

सुरुवातीला घ्यायची तीन नावं: जनता, पायलट, जवान. तिन्ही चावीची, तिन्ही साधी. यांतल्या बऱ्याच घड्याळांत ०२३१ हे एकच मशीन असतं, म्हणून सुटे भाग मिळतात आणि कुठल्याही जाणत्या घड्याळजीच्या हाताला ते ओळखीचं असतं. जनता हे एचएमटीच्या अगदी पहिल्या घड्याळांपैकी. त्याची देवनागरी आकड्यांची तबकडीही निघाली होती. पायलटची तबकडी काळी, आकडे ठळक. माझ्याकडच्या जवानवर बाराच्या आतल्या बाजूला तेरा ते चोवीसचे बारीक आकडे आहेत, फौजी वेळेसाठी. केसचा व्यास साधारण ३५ मिलिमीटर, म्हणजे आजच्या मानानं लहान. बायकांच्या मनगटावरही ती छान बसतात. मी रोज घालते.

एचएमटीपलीकडे जायचं असेल तर सेको फाइव्ह. हे जपानी ऑटोमॅटिक १९६३पासूनचं, हाताच्या हालचालीनं चावी भरणारं. रशियातल्या चिस्तोपोल गावी बनणारं व्होस्तोक अँफिबिया हे पाणबुड्याचं घड्याळ १९६७चं. त्याची खुबी अशी की पाण्याचा दाब वाढला की त्याचं झाकण आणखी घट्ट दाबलं जातं. आणि आपल्या मातीशी जोडलेलं एक स्विस नाव म्हणजे वेस्ट एंड वॉच कंपनी. तिचं 'सोवार' घड्याळ हिंदी फौजेतल्या माणसांच्या हातांवर होतं. सोवार म्हणजे आपला स्वार. पण हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. पहिलं वर्ष एकाच मशीनशी ओळख करून घेण्यात घालवा.

३. साहित्य

थोडंच लागतं.

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं.
- पट्ट्याची पिन काढायचं हत्यार, आणि १८ मिलिमीटरचे एक-दोन साधे पट्टे. जुन्या एचएमटीला बहुधा हेच माप बसतं, तरी मोजून घ्या.
- धूळ उडवायचा रबरी फुगा.
- छोटं होकायंत्र, शाळेत असायचं तसलं. कशासाठी ते नवव्या मुद्द्यात.
- फोनवर टिकटिक ऐकून चाल, म्हणजे घड्याळ किती पुढेमागे पळतंय ते, सांगणारं एखादं टाइमग्राफर ॲप.
- एक वही.

स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि तेलाची बाटली घेऊ नका. ती घेतली की हात शिवशिवतात. घड्याळाच्या एका खड्याला लागणारं तेल सुईच्या टोकावर मावतं. शिलाई मशीनचं तेल घालून बसलेली घड्याळं मी घड्याळजींच्या टेबलावर पाहिली आहेत.

४. कुठे शोधायचं

पुण्यात असाल तर बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. मुंबईत चोर बाजार, मटन स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्या. मला मात्र सगळ्यात चांगली घड्याळं मिळाली ती तालुक्याच्या गावांतल्या जुन्या घड्याळाच्या दुकानांत. दुकानदार साठीच्या पुढचे, काउंटरच्या खालच्या खणात न विकलेला माल, काही वेळा मूळ डबीसकट. तिथे जाऊन घाई करायची नाही. आपल्या घड्याळाला पट्टा बसवून घ्यायचा, बोलायचं, आणि मग विचारायचं, "काका, चावीचं काही पडलंय का जुनं?"

ऑनलाइन खरेदीत भाव चढे आणि नकलांचं प्रमाण जास्त. तिथून घ्यायचं तर तबकडीचा, मशीनचा आणि मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा, असे तीन स्वच्छ फोटो मागा. मशीनचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा.

केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला २०१६च्या जानेवारीत मंजुरी दिली. त्यानंतर 'आता दुर्मिळ झालं' हे वाक्य प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी आलं. जनता, पायलट ही घड्याळं दुर्मिळ नाहीत. दशकानुदशकं देशभर विकली गेलेली आहेत. आज सोडलं तर पुढच्या महिन्यात दुसरं दिसेल. हे मनाशी धरून ठेवलंत तर निम्म्या चुका टळतात.

५. हातात आल्यावर काय काय बघायचं

हा भाग सावकाश वाचा, कारण पैसे इथेच बुडतात.

विक्रेता घड्याळ कानाशी धरून हलवून दाखवतो. "बघा ताई, चालू आहे." हलवल्यावर तर तुटलेल्या स्प्रिंगचं घड्याळही काही सेकंद टिकटिक करतं. घड्याळ टेबलावर ठेवायला सांगा आणि थांबा.

मग चावी द्या. प्रत्येक वेढ्याला बारीक करकर जाणवली पाहिजे आणि वीस-तीस वेढ्यांच्या आसपास हाताला अडवणूक लागली पाहिजे. कितीही फिरवलं तरी अडत नसेल तर मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिल्यावर आवळली जाणारी मुख्य स्प्रिंग, तुटलेली किंवा निसटलेली आहे. पहिल्याच वेढ्याला घट्ट लागत असेल आणि घड्याळ बंद असेल तर स्प्रिंग भरलेली आहे, अडलंय दुसरीकडे कुठेतरी, बहुधा वाळलेल्या तेलात. 'जास्त चावी दिल्यामुळे बिघडलं' असं जे म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं.

चालू झालं की दोन मिनिटं तबकडी वर, दोन मिनिटं तबकडी खाली, दोन मिनिटं चावी खाली असं धरा. एखाद्या स्थितीत थांबत असेल तर बहुधा बॅलन्सच्या टोकाला इजा आहे.

काटे पुढे फिरवून बारावर आणा. तास आणि मिनिट काटा एकावर एक आले पाहिजेत. फिरवताना मिनिट काटा अगदीच सैल लागत असेल तर मशीन बरोबर चालूनही घड्याळ मागे पडत राहील.

काचेवरच्या ओरखड्यांकडे दुर्लक्ष करा. जुन्या एचएमटीची काच खरं तर ॲक्रिलिकची असते. मऊ कापडावर थोडी टूथपेस्ट घेऊन दहा मिनिटं घासली की ओरखडे जातात. तडा गेला असेल तर मात्र बदलावी लागते, कारण तिथून ओल आत जाते.

शेवटी मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा, आणि भिंग लावा. मशीनवर एचएमटीचं नाव आहे का? स्क्रूंच्या खाचा कुरतडल्यासारख्या असतील तर अडाणी हात लागून गेलाय. चावीच्या दांड्याजवळ तांबूस भुकटी असेल तर गंज आहे. ओल बहुधा चावीच्या बाजूनंच शिरते, म्हणून पहिल्यांदा तिथे बघायचं. आणि बॅलन्स व्हील कसं डोलतंय ते बघा. निरोगी घड्याळाचा झोका मोठा आणि मोकळा असतो. एकदा चांगलं बघितलंत की आजारी घड्याळाचा थकलेला झोका लगेच ओळखू येतो.

वेळेची अपेक्षा किती ठेवायची? हे मशीन सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. दिवसात तीस सेकंद पुढेमागे झालं तर चूक होते ०.०३५ टक्क्यांची. चाळीस वर्षं जुन्या, हातानं चावी दिलेल्या यंत्राकडून याहून जास्त मागू नये असं मला मनापासून वाटतं.

६. मोठा सापळा: 'मुंबई स्पेशल'

जगभरचे घड्याळ जमवणारे एक शब्द वापरतात: मुंबई स्पेशल. आपल्या शहराचं नाव असं पसरलेलं आहे याचं मला वाईट वाटतं, पण ओळखता आलंच पाहिजे. चार घड्याळांचे भाग एकत्र करायचे, तबकडी खरवडून नव्यानं रंगवायची, केस घासून चमकवायची आणि 'ओरिजिनल, न वापरलेलं' म्हणून विकायचं. एचएमटी, स्विस फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड, सेको फाइव्ह, सगळ्यांचं होतं.

ओळखायचं कसं: कारखान्यात न निघालेले भडक रंग, केशरी, पोपटी, जांभळे. भिंगातून अक्षरांच्या कडा फुगलेल्या किंवा पसरलेल्या. मिनिटांच्या रेघा कमी-जास्त लांबीच्या, बाराची रेघ बरोबर मध्यावर नाही. तबकडी नवीकोरी आणि काटे मात्र काळवंडलेले. केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. तबकडीवर एक नाव, मशीनवर दुसरं.

देवनागरी तबकडीच्या जनताला मागणी आहे, म्हणून तिच्या नकलाही भरपूर. इथे आपल्याला जन्मजात फायदा आहे. ही लिपी आपण रोज वाचतो. आकड्यांची वळणं बघा. ५, ८ आणि ९ एकाच हाताचे वाटतात का, अक्षरांवरची शिरोरेषा सरळ आहे का? अवघडलेलं अक्षर आपल्या डोळ्याला लगेच टोचतं.

रंगवलेलं घड्याळ घेऊच नये असं मी म्हणत नाही. कुणाला नुसतं घालायला हवं असेल आणि विक्रेत्यानं सांगून, कमी भावात दिलं, तर त्यात काही वाईट नाही. फसवणूक ही न सांगण्यात आहे.

७. रेडियमचं घड्याळ

आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कशालाही रेडियम म्हणतात. पण साधारण १९६०च्या दशकापर्यंतच्या कित्येक घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर खरोखरच रेडियमचा रंग असे, फौजी घड्याळांवर तर हमखास. तो आता चमकत नाही, म्हणून निर्धोक वाटतो. तसं नाही. चमकणारा रंग जळून गेलेला असतो, रेडियम तिथेच असतं. त्याचं अर्धआयुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. पिवळट-तपकिरी, भुसभुशीत झालेला रंग दिसला तर ते घड्याळ स्वतः उघडू नका, खरवडू नका, फुंकर मारू नका, मुलांच्या हातात देऊ नका. ती धूळ नाकातोंडात जाणं हा खरा धोका. घड्याळजींकडे नेलंत तर आधी सांगा.

८. घड्याळजी शोधणं आणि त्यांच्याशी बोलणं

संग्रहातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे एक चांगला घड्याळजी. आता असे कमी राहिलेत. बरीच दुकानं सेल आणि पट्टे बदलण्यावर चालतात. ओळखायची माझी रीत सोपी आहे. दुकानात जाऊन विचारायचं, "पूर्ण खोलून सर्व्हिसिंग करता का?" करणारा माणूस 'दोन तासांनी या' म्हणत नाही. तो आठ-पंधरा दिवस मागतो, कारण मशीन खोलून, धुऊन, जोडून, तेल घालून पुढे काही दिवस चाल बघावी लागते. दुसरी खूण म्हणजे त्याचं टेबल. उघडी मशीन काचेच्या झाकणाखाली असतील तर तिथे घड्याळ ठेवायला हरकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'नव्यासारखं करून द्या' हे वाक्य कधीही बोलू नका. त्याऐवजी हे कागदावर लिहून घड्याळासोबत द्या:

- मशीन पूर्ण खोलून सर्व्हिसिंग.
- तबकडीला हात लावू नये. डाग असले तरी चालतील.
- काटे आणि केसला पॉलिश नको.
- काच शक्य तर तीच, घासून.
- झाकणाचं रबर बदलावं.
- जो भाग बदलाल तो जुना भाग पुडीत परत द्यावा.

शेवटची ओळ मी आज सगळ्यांना आग्रहानं सांगते. अण्णांच्या घड्याळाचे मूळ काटे, मूळ काच, काहीच माझ्याकडे नाही. मागितलं नाही म्हणून मिळालं नाही.

माझे आताचे घड्याळजी सत्तरीचे आहेत. चिठ्ठी वाचून ते म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत. लोकांना चमकवून नाही दिलं तर काम केलं असं वाटतच नाही." दोन्ही बाजूंची अडचण त्या एका वाक्यात आहे.

सर्व्हिसिंग साधारण चार-पाच वर्षांनी. चालतंय म्हणून थांबू नका. वाळलेल्या तेलावर चालणारं घड्याळ आतून झिजत असतं आणि बाहेर काही दाखवत नाही.

९. रोजचं वागवणं

चावी रोज एकाच वेळी द्या, सकाळी उत्तम. मनगटावरून काढून द्या. हातात असताना दिली की दांड्यावर तिरका ताण येतो. अडलं की थांबा. पूर्ण चावीवर घड्याळ दीड दिवस चालतं, तेवढं पुरे. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख हातानं बदलू नका. त्या वेळी आतली चाकं तारीख ढकलायच्या तयारीत एकमेकांत गुंतलेली असतात.

पावसाळा हा आपल्याकडचा खरा शत्रू. पाठीवर काहीही कोरलेलं असो, जुन्या घड्याळाला पाण्यात न टिकणारं घड्याळच समजा. रबर वाळलेलं असतं. आषाढ-श्रावणात मी जुनी घड्याळं हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते आणि बाहेर जाताना दुसरं काहीतरी घालते. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी घड्याळजींकडे. अण्णा झाकण काढून घड्याळ चाळीसच्या बल्बखाली ठेवायचे. पाणी उडून जायचं, पण गंज सुरू झालेला असायचा. त्या गावात तेव्हा दुसरं करण्यासारखंही काही नव्हतं.

चुंबक हा नवा शत्रू. फोनची कव्हरं, स्पीकर, लॅपटॉपचं झाकण. घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागलं तर बहुधा हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्स व्हीलला झोके देणाऱ्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व आलेलं असतं आणि तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. होकायंत्र शेजारी ठेवून घड्याळ हळूहळू फिरवा. सुई ओढली गेली तर कारण सापडलं. घड्याळजीकडे चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र असतं, काम एका मिनिटाचं.

१०. कागद आणि वही

जपून ठेवायचे कागद: खरेदीची पावती, जुन्या बाजारातून घेतलं तरी हातानं लिहिलेली, तारीख आणि विक्रेत्याच्या सहीसह. मूळ गॅरंटी कार्ड आणि डबी असेल तर ती. प्रत्येक दुरुस्तीची चिठ्ठी. परदेशातून आणलेल्या घड्याळाचं बिल. महागडं घड्याळ घालून परदेशी जात असाल तर जाताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं, म्हणजे परतताना तेच घड्याळ नवीन खरेदी समजलं जात नाही. आणि परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना पणजोबांचं खिशातलं घड्याळ सोबत न्यायचं असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती अशीच देशाबाहेर नेता येत नाही.

वहीत प्रत्येक घड्याळाला दोन पानं द्या. एका पानावर यंत्राची माहिती: मशीन, झाकणावरचे आकडे, सर्व्हिसिंगच्या तारखा, चाल. दुसऱ्या पानावर माणसाची. विकत घेतलेल्या घड्याळांचं हे पान रिकामं राहतं असं वाटतं, पण राहत नाही. माझ्या जवानच्या पाठीवर कुणीतरी टोच्यानं दोन अक्षरं कोरलेली आहेत. मी ती तशीच उतरवून ठेवली आहेत. कधी विचारणारं कुणी भेटलं तर देता येतील.

आणि झाकणाची आतली बाजू जरूर बघा. जुने घड्याळजी सर्व्हिसिंग केलं की झाकणाच्या आत सुईनं तारीख किंवा आपली खूण खरवडून ठेवत. उघड्या डोळ्यांना नुसते ओरखडे दिसतात. अण्णांचं पायलट मी पाच वर्षांपूर्वी या नव्या घड्याळजींकडे नेलं तेव्हा त्यांनी झाकण तिरकं धरून मला भिंग दिलं. पॉलिश फक्त बाहेरून झालं होतं. आत तीन ओळी होत्या. पहिली पुसट. तिसरी अकरा वर्षांपूर्वीच्या माझ्या त्या दुरुस्तीची. मधली स्पष्ट वाचता येत होती: ८-८९.

घरी येऊन आईला झाकणाचा फोटो मोठा करून दाखवला. ती म्हणाली, पाणी शिरलं ते जुलैत, पण अण्णांना कराडला जायला सवड मिळाली नागपंचमी झाल्यावर. तोवर महिनाभर ते फीडरच्या, म्हणजे वीजवाहिनीच्या, वेळा माझ्या शाळेच्या घंटेवरून लावत होते. हे तिनं पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. मी वही काढली आणि लिहून घेतलं.

आता झाकणात चौथी ओळ आहे. रबर येत्या ज्येष्ठात बदलायचं आहे, पाऊस सुरू व्हायच्या आत.